घशाचा कॅन्सर निघाला तर ट्रीटमेंट कशी ठरवायची, आणि टार्गेटेड औषधं नेमकी कुणासाठी

आमच्या आप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा आवाज गणपतीत बसला. दहा दिवस आरत्या म्हणून बसला असेल असं घरात सगळ्यांनाच वाटलं, मग जवळच्या एका डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटी आहे म्हणून गोळ्या दिल्या, त्या संपल्या की परत त्याच दिल्या, असं करत करत दिवाळी उलटून गेली. दिवाळीनंतर उजव्या कानात ठणका सुरू झाला आणि मानेला सुपारीएवढी गाठ हाताला लागली तेव्हा कुठे आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि दोन मिनिटांत स्क्रीनवर दिसलंच.

तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगते, आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला, गिळताना अडकायला लागलं, कान तपासला तर ठीक पण दुखतोय, किंवा मानेला न दुखणारी गाठ आली, तर गोळ्या बदलत बसू नका, दुर्बीण घालून घ्या. तंबाखू, मावा, बिडी, दारू यातलं काही असेल तर एक आठवडाही थांबू नका. आप्पा रावपुऱ्यातल्या फोटोफ्रेमच्या दुकानात बसून तीस वर्षं मावा खात होते आणि हे आम्ही त्या पहिल्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं.

त्यानंतर बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांमधून मला चार-पाच जणींचे फोन आलेत आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न तोच, "अगं ते नवीन टार्गेटेड का काय म्हणतात तेच द्यायचं ना, किमोपेक्षा चांगलं असतं म्हणे?" टार्गेटेड म्हणजे कॅन्सरच्या पेशीवरचा ठराविक भाग हेरून त्यालाच धरणारं औषध. फोनवर अर्ध्या तासात सांगून होत नाही म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, डोस आणि निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं आणि ते जे बोलतात त्याचा अर्थ काय हे माहीत असलं की खूप फरक पडतो.

आधी रिपोर्ट, मग औषधाचं नाव

घशाचा कॅन्सर हा एकच आजार नाही हे मला तेव्हा कळलं. स्वरयंत्राचा वेगळा, त्याच्या मागच्या-खालच्या अन्ननलिकेच्या तोंडाजवळचा वेगळा, टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा वेगळा, नाकाच्या मागचा तर अगदीच वेगळा, त्याची ट्रीटमेंटही वेगळी चालते. म्हणून "घशाचा आहे" एवढ्यावर शेजारच्या काकांना जे दिलं ते आपल्याला द्या असं म्हणू नका. डॉक्टरांना जागेचं नाव कागदावर लिहून मागा.

तुकडा काढून तपासल्याशिवाय, म्हणजे बायोप्सीशिवाय, काही सुरू होत नाही. आमच्याकडेही एक आत्या सांगायला आल्या होत्या की तुकडा काढला की पसरतो, तसं काही नसतं, उलट तुकडा न काढता दोन महिने घालवले तर पसरतो. दहातल्या नऊपेक्षा जास्त जणांत रिपोर्टवर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे आतल्या अस्तराच्या पेशींचा कॅन्सर, असंच लिहून येतं. मग मानेचा सीटी किंवा एमआरआय आणि बऱ्याचदा पेट-सीटी, यावरून स्टेज ठरते. टी म्हणजे मूळ गाठ किती, एन म्हणजे मानेतल्या गाठींत गेलाय का, एम म्हणजे फुफ्फुस-लिव्हर असं लांब कुठे गेलाय का. हे तीन आकडे पाठ करून ठेवा, कुठेही गेलात तरी हेच विचारतात. आप्पांचं स्वरयंत्राचं होतं, टी३ एन१ एम०, म्हणजे तिसरी स्टेज.

टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाचा असेल तर तुकड्यावर पी१६ ची तपासणी सांगा, ती एचपीव्ही व्हायरसमुळे झालेला कॅन्सर ओळखते आणि तो ट्रीटमेंटला जास्त चांगला प्रतिसाद देतो. आपल्याकडे बहुतेक तंबाखूवालाच निघतो, तरीपण तपासणी सोडायची नाही. आणि आजार परत आला असेल किंवा लांब पसरला असेल तर पीडी-एल१ या प्रथिनाची तपासणी, त्याचा आकडा सीपीएस म्हणून येतो. हा आकडा पुढे लागणारे, जपून ठेवा. तुकड्याचे मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या लॅबमधून मागून घेता येतात, दुसरीकडे ओपिनियन घ्यायचं तर त्या लागतातच.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, हा डॉक्टरांना सरळ विचारा, "साहेब, आपण पूर्ण बरं करायला ट्रीटमेंट देतोय की आटोक्यात ठेवायला?" आम्हाला हा प्रश्न विचारायची हिंमत तिसऱ्या भेटीत झाली. पण याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुठलं औषध चांगलं यावर बोलण्यात अर्थच नाही, कारण टार्गेटेडवाली बरीचशी औषधं दुसऱ्या प्रकारात, म्हणजे आजार परतलाय किंवा पसरलाय अशा पेशंटसाठी आहेत, आणि पहिल्या प्रकारात, जिथे पूर्ण बरं व्हायचा चान्स आहे, तिथे अजूनही जुनीच ट्रीटमेंट वरचढ आहे.

पूर्ण बरं करायचंय तेव्हा

लहान गाठ, पहिली किंवा दुसरी स्टेज असेल तर एकाच ट्रीटमेंटवर भागतं, एकतर शेक (म्हणजे रेडिएशन) किंवा ऑपरेशन. स्वरयंत्राच्या पट्टीवरची अगदी छोटी गाठ असेल तर तोंडातूनच लेसरने काढतात किंवा पाच-सहा आठवडे शेक देतात, दोन्हीत दहातले आठ-नऊ जण बरे होतात. इथे टार्गेटेडचा विषयच नाही, कुणी सुचवलं तर उठून दुसरीकडे जा.

मोठी गाठ किंवा मानेत गेलेली असेल तर पूर्वी स्वरयंत्र सरळ काढून टाकायचे. मग अमेरिकेत १९९१ साली ३३२ पेशंटवरचा अभ्यास आला, त्यात आधी किमो आणि मग शेक दिलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र वाचलं आणि दोन वर्षांनी जगणारे दोन्हीकडे सारखेच होते. २००३ मध्ये पुढचा अभ्यास आला, शेक आणि सिसप्लॅटिन हे किमोचं औषध एकत्र दिलं तर दोन वर्षांनी ८८ टक्के लोकांचं स्वरयंत्र शाबूत होतं, नुसत्या शेकावर ७० टक्के. तेव्हापासून तिसऱ्या स्टेजला शेक अधिक सिसप्लॅटिन हीच मुख्य ट्रीटमेंट. सिसप्लॅटिन जुनं आहे, स्वस्त आहे, उलट्या होतात म्हणून बदनाम आहे, पण त्याला हरवणारं अजून फारसं काही आलेलं नाही.

पण गाठ कूर्चा फोडून बाहेर गेली असेल, किंवा स्वरयंत्र इतकं खराब झालंय की पाणी प्यायलं तरी फुफ्फुसात उतरतंय, तर ते वाचवण्याचा हट्ट धरू नका, तिथे ऑपरेशन करून मग शेक देणंच जास्त सुरक्षित. मग माणूस मानेला पुढे केलेल्या भोकातून श्वास घेतो, आंघोळीला पाणी तिथे जाऊ द्यायचं नाही, आणि आवाजासाठी श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मध्ये एक छोटी झडप बसवतात, बोट ठेवून बोलता येतं. बेंगळुरूच्या डॉक्टरांनी ऑम नावाची झडप पन्नास रुपयांत बनवली होती हे अनेकांना माहीत नाही, परदेशी झडप हजारोंची असते.

सिसप्लॅटिन एकतर दर तीन आठवड्यांनी मोठा डोस देतात, शरीराच्या दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम, नाहीतर दर आठवड्याला ४०. टाटा हॉस्पिटलच्या २०१८ च्या अभ्यासात आठवड्याचा डोस ३० चा होता आणि तो कमी पडला, म्हणून आता आठवड्याला द्यायचं तर ४० देतात. फाईलवर किती लिहिलंय बघा, ३० दिसलं तर कारण विचारा. किडनीचा क्रिएटिनिन आणि कानाची ऑडिओमेट्री आधी करून घेतातच, कारण हे औषध या दोन्हींना मारतं. आप्पांना डाव्या कानाने आधीच कमी ऐकू यायचं, डॉक्टरांनी ऑडिओमेट्री बघून मग आठवड्याला ४० चं ठरवलं. ज्यांना किडनीमुळे किंवा वयामुळे सिसप्लॅटिन झेपणारच नाही त्यांच्यासाठी टाटाच्याच डॉक्टरांचा २०२३ चा अभ्यास आहे, शेकाबरोबर दर आठवड्याला थोडंसं डोसिटॅक्सेल दिलं तर दोन वर्षांनी जगणारे ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ टक्क्यांवर गेले. डोसिटॅक्सेल हेही किमोचंच औषध, काही नवलाचं नाही, जनरिक मिळतं, पण सगळ्यांना सुचत नाही, म्हणून तुम्ही विचारा.

शेकाचे सात आठवडे

ट्रीटमेंटचं खरं मैदान हेच आहे आणि यावर कुणी नीट बोलत नाही. साधारण ७० ग्रे (ग्रे हे किरणांचं माप), ३३ ते ३५ वेळा, आठवड्यातले पाच दिवस. मशीनवर पाच-दहा मिनिटं लागतात, दुखत काही नाही, पहिले दोन आठवडे सगळे म्हणतात अरे हे तर सोपं आहे. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटायला लागतं.

सुरू व्हायच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या, किडलेले दात काढायचे असतील तर शेकाच्या दहा-पंधरा दिवस आधी काढून जखम भरू द्या, कारण शेकानंतर जबड्याचं हाड भरून येत नाही आणि मग नंतर काढलेल्या दाताची जागा सडते. त्यानंतर मास्क बनवतात. पांढरी जाळीची शीट गरम पाण्यात टाकतात, ती मऊ पडली की ओलीच चेहऱ्यावरून, मानेवरून खांद्यांपर्यंत ओढून बसवतात आणि दहा-पंधरा मिनिटांत ती कडक होते. रोज शेक देताना तोच मास्क टेबलला स्क्रूने घट्ट करतात म्हणजे मान केसभरही हलत नाही. आप्पा बाहेर आले आणि खरखरत्या आवाजात म्हणाले, "माप चांगलं घेतलंय, कुठे फट नाही." आयुष्यभर चौकटी कापलेल्या माणसाला तेच दिसणार. आणि खरं सांगू, पाचव्या आठवड्यात त्यांचं वजन सहा किलो उतरलं तेव्हा पहिल्यांदा तेच म्हणाले, "सूनबाई, गालाशी फट पडलीय." टेक्निशियनला सांगितलं, परत सीटी काढला, प्लॅन बदलला. म्हणजे मास्क सैल वाटला तर गप्प बसू नका, किरण भलतीकडे जातात.

खाडा होऊ द्यायचा नाही, यावर मी फार जोर देऊन सांगते. सात आठवड्यांच्या शेकात एक एक दिवस वाढत गेला की आजार आटोक्यात यायचा चान्स दर दिवसाला साधारण टक्काभर कमी होतो असं डॉक्टर मानतात. आमचं डिसेंबरमध्ये सुरू झालं आणि मध्ये उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत आली, १४ आणि १५ जानेवारी, सगळं बडोदा पतंग घेऊन गच्चीवर आणि मशीनलाही सुट्टी. आम्ही आधीच जाऊन विचारलं तर त्यांनी एक शनिवार घेतला आणि एके दिवशी सहा तासांच्या अंतराने दोनदा शेक दिला, अशी भरपाई करता येते. तुमच्याकडे नवरात्र, दिवाळी, होळी जे मध्ये येत असेल त्याचं पहिल्याच दिवशी कॅलेंडर घेऊन विचारा. आणि "तोंड आलंय, दोन दिवस आराम करू दे" असं घरचे म्हणतात, मन कळवळतं म्हणूनच म्हणतात, पण तो आराम महागात पडतो. तोंड आलं तर औषध बदलून घ्या, दुखणं थांबवायला मॉर्फिन लागलं तरी घ्या, शेक सोडू नका.

खाणं. आमच्याकडे उंधियु झाला त्या दिवशी आप्पा वासानेच उठून आत गेले. सेव उसळ, लिंबू, टोमॅटो, मिरची, कडक भाकरी सगळं बंद, त्याऐवजी पातळ खिचडी, मऊ भातात तूप, रव्याची खीर, अंडं चालत असेल तर पूर्ण शिजवून मऊ कुस्करलेलं, दाण्याचं कूट घालून ताक नाही तर दही, प्रोटीन पावडर. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, याच्या गुळण्या दिवसातून सात-आठ वेळा, दर वेळी खाल्ल्यावर आणि झोपताना. दर सोमवारी एकाच काट्यावर वजन. दहा टक्के वजन उतरायच्या आत नाकातून नळी घालायला तयार व्हा, ती हार नाही.

नळीचं पहिल्या दिवशी मला फार भ्यायला झालं होतं. मग जमलं. पेशंटला बसवूनच द्यायचं, आडवं कधीच नाही, नाकाशी जी खूण असते ती रोज बघायची की नळी सरकली नाही ना, मिक्सरमधनं काढलेलं अन्न मलमलच्या कापडातून गाळायचं नाहीतर नळी तुंबते, ५० मिलीच्या सिरिंजमधनं हळूहळू सोडायचं, दट्ट्या दाबायचा नाही, आणि शेवटी एक सिरिंज स्वच्छ पाणी. दिल्यावर अर्धा-पाऊण तास बसवून ठेवायचं. आणि नळी असली तरी रोज दोन-चार घोट पाणी तोंडाने गिळायला लावायचं, स्पीच थेरपिस्ट गिळण्याचे व्यायाम शिकवतात ते चालूच ठेवायचे, कारण सहा आठवडे गिळलंच नाही तर घसा गिळायचं विसरतो.

यात तीन गोष्टींना घरी वाट बघायची नाही. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंडातून ताजं रक्त, आणि किमो चालू असताना १००.४ च्या वर ताप. रात्री दोन वाजले असले तरी इमर्जन्सीलाच जायचं.

आता टार्गेटेड

पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचा एक स्विच असतो, वाढ वाढ असा निरोप आत पाठवणारा, आणि घशाच्या कॅन्सरच्या बहुतेक गाठींमध्ये हे स्विच खूप जास्त असतात. इथलं टार्गेटेड औषध म्हणजे बहुतेकदा त्या स्विचवर जाऊन बसणारी अँटीबॉडी. पहिली आली सेटुक्सिमॅब, या आजारासाठी अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झाली, कारण नुसत्या शेकापेक्षा शेक अधिक सेटुक्सिमॅब दिल्यावर सरासरी आयुष्य २९ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर गेलं होतं. हाच आकडा सगळे फॉरवर्ड करतात. पण त्यात तुलना नुसत्या शेकाशी होती, सिसप्लॅटिनशी नव्हती. पुढे एचपीव्हीवाल्या पेशंटमध्ये सिसप्लॅटिनशी समोरासमोर दोन मोठे अभ्यास झाले, २०१८ मध्ये निकाल आले, आणि दोन्हीत सेटुक्सिमॅब मागे पडलं. म्हणून माझ्या नणंदेने मुंबईहून फोन करून सांगितलं की किमो नको, टार्गेटेडच द्या, पैशाचं आम्ही बघू, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी शांतपणे हेच समजावलं, सिसप्लॅटिन झेपत असेल तर ते सोडून हे देणं म्हणजे जास्त पैसे देऊन कमी मिळवणं. मला ते वाक्य फार पटलं.

दुसरं औषध निमोटुझुमॅब, मूळ क्युबाच्या हवानामधलं, भारतात २००६ पासून मिळतं. टाटामध्ये ५३६ पेशंटवर अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला, सिसप्लॅटिन आणि शेकाच्या जोडीला हे दर आठवड्याला दिलं तर आजार परत डोकं वर काढायचं प्रमाण कमी झालं, पण आयुष्य वाढण्यातला फरक ठाम म्हणता येईल इतका नव्हता. त्यातही सिसप्लॅटिन ३० च्याच डोसने दिलेलं. त्यामुळे कुणी हे सुचवलं तर ते चुकीचं नाही, पण घर गहाण टाकून देण्यासारखंही नाही. आम्ही दिलं नाही.

सेटुक्सिमॅब चालू असेल तर चेहऱ्यावर, छातीवर पुरळ येतं, मुरमांसारखं दिसतं पण मुरमांची क्रीम लावायची नाही, डॉक्टर डॉक्सिसायक्लिन आणि मॉइश्चरायझर देतात, उन्हात जायचं नाही. रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं, ते तपासायला सांगा, बरेचदा राहून जातं. पहिल्या सलाईनला रिअ‍ॅक्शन येऊ शकते म्हणून पहिला डोस हॉस्पिटलमध्येच बसून घ्यायचा.

आजार परतला किंवा पसरला तर

इथे मात्र नवीन औषधांनी खरंच चित्र बदललंय. इम्युनोथेरपी ही टार्गेटेडची चुलत बहीण म्हणा, ती गाठीला मारत नाही, आपल्याच रोगप्रतिकारक पेशींना लागलेला ब्रेक काढते. निव्होलुमॅब २०१६ मध्ये आलं, पेंब्रोलिझुमॅब २०१९ पासून पहिल्या औषधातच द्यायला लागले. तो सीपीएस आकडा इथे लागतो, २० किंवा त्याच्या वर असेल तर एकटं पेंब्रोलिझुमॅबही चालतं, १ ते १९ असेल तर डॉक्टर बऱ्याचदा किमोच्या जोडीला देतात, १ पेक्षा कमी असेल तर एकट्याचा फारसा उपयोग नाही. २० च्या वरच्यांमध्ये पाच वर्षांनी शंभरातले साधारण वीस जण जगलेले दिसले, जुन्या औषधांवर सात. वीस म्हणजे कमी वाटतं, पण या स्टेजला पूर्वी पाच वर्षांचं कुणी बोलतच नव्हतं.

पण डोसाला लाखाच्या वर बिल होतं, मग मध्यमवर्गीय घराने काय करायचं? टाटाच्या डॉक्टरांनी इथेच मोठं काम केलंय. नेहमीचा निव्होलुमॅबचा डोस २४० मिलिग्रॅमचा असतो, त्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी दिलं, जोडीला तोंडाने घ्यायच्या तीन गोळ्या, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब रोज. हे एर्लोटिनिब म्हणजे ईजीएफआरवरची टार्गेटेड गोळीच, जनरिक मिळते. नुसत्या गोळ्यांवर एक वर्षाने १६.३ टक्के पेशंट जिवंत होते, २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब जोडल्यावर ४३.४ टक्के. २०२३ मध्ये छापून आलंय. ज्यांना हा कमी डोसही झेपत नाही त्यांच्यासाठी नुसतं मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या गोळ्या, याचाही टाटाचा २०२० चा अभ्यास आहे, सलाईनच्या सिसप्लॅटिनपेक्षा थोडं जास्तच आयुष्य आणि त्रास कमी. तेव्हा "आता पैसे नाहीत म्हणजे काहीच नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, "लो डोस निव्होलुमॅब" आणि "मेट्रोनोमिक" (म्हणजे अशा कमी डोसच्या, सतत घ्यायच्या गोळ्या) हे दोन शब्द डॉक्टरांसमोर उच्चारा.

इम्युनोथेरपी चालू असताना जुलाब, दम लागणं, खूप थकवा, अंगावर पुरळ, यातलं काहीही आलं तर गल्लीतल्या डॉक्टरकडून जुलाबाची गोळी घेऊन गप्प बसायचं नाही. रोगप्रतिकारशक्ती आतडं नाहीतर फुफ्फुसावर उलटलेली असू शकते, त्याला स्टिरॉइड लागतं, आणि हे औषध थांबवल्यावर काही महिन्यांनीही येऊ शकतं. पाकिटात चिठ्ठी ठेवा, या पेशंटला इम्युनोथेरपी चालू आहे म्हणून.

पुढे काय येतंय हेही थोडं सांगते, म्हणजे कुणी मोठमोठी नावं घेतली तर घाबरायला नको. जून २०२५ मध्ये अमेरिकेने ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पेंब्रोलिझुमॅब द्यायला मंजुरी दिली, ऑपरेशन होण्यासारखा वाढलेला आजार आणि सीपीएस किमान १ असेल तर, म्हणजे बरं करायच्या ट्रीटमेंटमध्ये पहिल्यांदाच इम्युनोथेरपी शिरली. ऑपरेशन ठरलं असेल तर करायच्या आधीच याबद्दल विचारा, नंतर विचारून तो आधीचा भाग गेलेला असतो. पेटोसेमटामॅब म्हणून दोन तोंडांची अँटीबॉडी आहे, एका हाताने ईजीएफआर धरते, दुसऱ्याने एलजीआर५, तिच्या मोठ्या चाचण्या चालू आहेत. टिपिफार्निब ही गोळी एचआरएएस जीनमध्ये बिघाड असलेल्यांसाठी, असे पेशंट शंभरात चार ते आठच. जपानमध्ये २०२० पासून एक वेगळीच पद्धत मंजूर आहे, सेटुक्सिमॅबला प्रकाशाने पेटणारा रंग जोडतात, इंजेक्शन दिल्यावर दुसऱ्या दिवशी गाठीवर लाल लेसर टाकतात आणि तिथल्याच पेशी मरतात. आणि कार-टी, म्हणजे पेशंटच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून परत द्यायची ट्रीटमेंट, जिचं भारतात २०२३ मध्ये खूप नाव झालं, ती ब्लड कॅन्सरची आहे, घशासाठी कुणी विकत असेल तर दूर राहा. चाचणीत भाग घ्यायचा तर सीटीआरआय या सरकारी नोंदणीवर ती नोंदलेली आहे का बघा. नोंद नाही आणि वर औषधाचे पैसे मागतायत, तर ती चाचणी नाही.

पैसे आणि दुसरं मत

गुजरातमध्ये पीएमजेएवाय-मा या सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंत कव्हर आहे, आणि ७० च्या वरच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं. बायोप्सीचा रिपोर्ट यायची वाट न बघता कार्ड काढायला टाका, आमचे नऊ दिवस नुसते आधारमधलं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळवण्यात गेले. एकावर मधलं नाव मराठी पद्धतीने आणि दुसऱ्यावर गुजराती पद्धतीने, शेवटी भाई असं शेपूट लावून. हॉस्पिटलमधल्या आरोग्य मित्राला विचारा, शेक, किमो, पेट-सीटी यातलं काय पॅकेजमध्ये बसतं आणि काय नाही, टार्गेटेड औषधाचं नाव घेऊन वेगळं विचारा.

शेक रोजचा असतो त्यामुळे ट्रीटमेंट शक्यतो जवळच घ्या, सयाजी हॉस्पिटल गावातच आहे, गोरजला मुनी सेवा आश्रमाचं कैलास कॅन्सर हॉस्पिटल आहे, अहमदाबादला जीसीआरआय हे कॅन्सर हॉस्पिटल. दुसऱ्या मतासाठी परळचं टाटा, रात्रीच्या गाडीने सकाळी पोचता येतं, आणि प्रवास झेपणारा नसेल तर टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी (देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) जोडलेली "नव्या" (Navya) नावाची ऑनलाइन ओपिनियन सेवा आहे, रिपोर्ट अपलोड करायचे. दुसरं मत ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी घ्या, मध्ये गाडी बदलणं फार अवघड. आणि त्यापायी महिनाभर घालवू नका, आठवडा-दहा दिवस पुरे.

शेक संपल्यावर

संपल्यानंतरचे दोन आठवडे सगळ्यात वाईट असतात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या दिवशी पेढे वाटले आणि तिसऱ्या दिवशी आप्पांना पाणीही उतरेना. किरणांचं काम आत चालूच असतं, हळूहळू ओसरतं, नळी घाईने काढू नका.

पेट-सीटी बारा आठवड्यांनी, आधी केला तर सूज आणि आजार यातला फरक कळत नाही आणि उगाच जीव टांगणीला लागतो. पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी दाखवायला जायचं, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा, मग पाच वर्षांपर्यंत चार ते आठ महिन्यांनी. मानेला शेक बसल्यावर थायरॉइड मंदावतो, सहा-बारा महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करत राहायची. आप्पांना आठव्या महिन्यात सारखी थंडी वाजायची, दिवसभर झोपून असायचे, आम्ही घाबरलो की परत आला, तर टीएसएच वाढलेला निघाला. रोज सकाळी उपाशी पोटी एक गोळी, महिनाभरात माणूस परत दुकानात जाऊन बसायला लागला. मावा बंद आहे, गल्ल्यात त्या जागी आता पाण्याची बाटली असते कारण लाळ कमी झालीय, दर दहा मिनिटांनी घोट लागतो. पुढची तारीख येत्या गुरुवारी आहे, दुर्बीण आणि टीएसएच दोन्ही, मागचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून फाईल दाराशीच ठेवलीय.